जुन्या कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घ्यायचेत: केबल नाही, आणि पाडव्याचे फोटोही सापडत नाहीत

रानजाई | १४ जून, रात्री ९:४२

मंडळी, मदत हवी आहे.

सांगलीचं घर आवरायला काढलंय. बंद पडलेली मनगटी घड्याळं आणि वाटायच्या राहिलेल्या लग्नपत्रिका आई ज्या स्टीलच्या डब्यात ठेवते, त्यात बाबांचा डिजिटल कॅमेरा सापडला. निकॉन कूलपिक्स, एल मालिकेतला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. २००९च्या मे महिन्यात घेतला होता. आत ४ जीबीचं कार्ड आहे.

सेल आतच राहिले होते, त्यांची पांढरी पावडर झालीय. केबल कुठेच नाही. घरात पडलेली एक मिनी यूएसबी लावून पाहिली. भोक तसंच दिसतं पण पिन काही आत जात नाही. जोर लावला नाही.

मला सगळेच फोटो लॅपटॉपवर घ्यायचेत, पण खास करून आजी गुढीला गाठी बांधतानाचे. दादा म्हणतो ते २०१०चे, मी म्हणते २०११चे. आजी २०११च्या दिवाळीनंतर गेली, त्यामुळे या वादाला आमच्याकडे फार वजन आहे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते फोटो पाहिल्याचं मला लख्ख आठवतंय, पण प्रिंट कधी निघाल्या नाहीत. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

अडकित्ता | १४ जून, रात्री १०:०५

जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं भोक मिनी यूएसबीसारखं दिसतं, पण आत पिना आठ असतात. साध्या मिनीत पाच.

केबलचा नाद सोडा. कार्ड बाहेर काढा, कार्ड रीडर आणा, दीडदोनशे रुपयांत मिळतो. आणि रीडरमध्ये घालण्याआधी एक करा: कार्डाच्या डाव्या कडेला बारीकशी खिटी असते, ती नखाने खाली सरकवा. कार्ड लॉक होतं. मग फोटो वाचता येतात, पुसता येत नाहीत. जुन्या कार्डाला हात लावायचा तो आधी लॉक करूनच.

नागपुरी_संत्रं | १४ जून, रात्री १०:३१

ताई, कॅमेरा फेकू नका बरं. ती पांढरी पावडर म्हणजे अल्कलाइन सेलमधून गळलेला क्षार असते. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घ्या, नसलं तर लिंबू चालते. स्प्रिंग आणि पत्रा हलक्या हातानं पुसा, मग कोरड्या काडीनं पुसा, आणि एक दिवस तसंच उघडं ठेवा. हाताला लागू देऊ नका, आग होते.

आणि नवे सेल घालताना भिंतीवरच्या घड्याळाचे घालू नका. तिथंच सगळे फसतात. ते झिंक कार्बनचे असतात. लेन्सची मोटर फिरली की दम संपते त्यांचा. लेन्स बाहेर येते, आत जाते, कॅमेरा बंद. लोक म्हणतात कॅमेरा गेला. कॅमेरा नाही गेला ना, सेल हलका आहे! अल्कलाइन घ्या, नाहीतर चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडवाले.

गवतीचहा | १५ जून, सकाळी ७:५०

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्या ‘खराब’ कॅमेऱ्यांतला एक असाच भंगारात गेला. आता कळलं का ते.

रानजाई | १५ जून, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. लिंबाने काम झालं, सेलची जागा चकचकीत.

पण वेगळाच घोळ झाला. रीडर आणायचा कंटाळा केला आणि बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला पुढे चार खाचा आहेत, त्यातल्या एकीत कार्ड घातलं (लॉक करून!). ड्राइव्ह दिसली, क्लिक केलं तर विंडोज म्हणतं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? ‘हो’वर आधीच निळी चौकट. माझं बोट एंटरवर होतं. हात थरथरला अक्षरशः. ‘नाही’ केलं आणि मशीनच बंद केलं. कार्ड गेलं का?

अडकित्ता | १५ जून, दुपारी १:२२

नाही. डेस्कटॉप कधीचा?

रानजाई | १५ जून, दुपारी १:२४

२००५चा असेल.

अडकित्ता | १५ जून, दुपारी १:४०

मग त्या रीडरची इयत्ताच कमी आहे. एसडी कार्डं १९९९मध्ये आली, तेव्हाच्या पद्धतीत मजल २ जीबीपर्यंत. त्यापुढची एसडीएचसी २००६ची, ३२ जीबीपर्यंत. २००९मध्ये एसडीएक्ससी आलं, ते ३२च्या पुढे. दिसायला तिन्ही जुळी भावंडं. नवा रीडर जुनी कार्डं वाचतो, जुना रीडर नवी वाचत नाही. तुमचं ४ जीबीचं कार्ड एसडीएचसी आहे, २००५च्या रीडरला ते कळत नाही, आणि कळत नाही ते फॉरमॅट करून टाकू या असं विंडोजला वाटतं.

कार्ड ठणठणीत आहे. कंटाळा सोडा, रीडर आणा.

निवृत्त_बाबू | १५ जून, दुपारी ४:१०

अडकित्तासाहेबांशी सहमत. त्याला जोड म्हणून थोडं. कार्ड उघडल्यावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसेल. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा असो, हे नाव तेच असतं. जपानी उत्पादकांनी १९९८मध्ये मिळून तसा नियम केला. त्याच्या आत १०० किंवा १०१ पासून सुरू होणारे फोल्डर, आणि त्यांत फोटो. फोटोच्या नावातला आकडा ९९९९पर्यंत जातो आणि पुन्हा १वर येतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाचे दोन निराळे फोटो असू शकतात. सगळे एका फोल्डरात ओतायला गेलात की कॉम्प्युटर विचारतो, जुना काढून नवा ठेवू का? लोक ‘हो’ म्हणतात. मीही म्हणालो होतो. माझ्या निरोपसमारंभाचे तीसेक फोटो तसे गेले. म्हणून फोटो वेचत बसू नका, डीसीआयएम अख्खा उचला.

कट-पेस्ट नको, कॉपीच. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का पाहा. मग पहिला, मधला आणि शेवटचा फोटो मोठा करून पाहा. चिमुकलं चित्र दिसलं म्हणजे फोटो आला असं नाही.

टेबलफॅन | १५ जून, सायं. ६:२८

बाबू, तीस फोटोंवर सुटलात. माझं ऐका.

२०१४, गोवा, आठ मित्र. घरी आल्यावर केबल लावली, विंडोजनं विचारलं फोटो इंपोर्ट करू का, म्हटलं कर. त्याच खिडकीत खाली बारीक अक्षरांत एक चौकोन असतो, इंपोर्ट झाल्यावर कॅमेऱ्यातून पुसून टाक, असा. मी तो आवडीने टिचकवला, म्हटलं जागा मोकळी होईल. झाली. तीन दिवसांनी लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक आवाज करून मेली. दुसरी प्रत कुठेच नाही. आठही मित्र अजून मला लग्नांत भेटतात.

तेव्हापासून: लॅपटॉपवर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, दोन्ही डोळ्यांनी पाहिल्या की मगच कार्ड पुसायचं. आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

जर्सीकर | १६ जून, पहाटे ३:१२

इथे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे, वेळेवर हसू नका. मॅकवाल्यांसाठी: ‘इमेज कॅप्चर’ नावाचं एक साधं ॲप मॅकमध्ये आधीपासूनच असतं. कॅमेरा किंवा कार्ड लावा, सगळे फोटो यादीत दिसतात, कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवायचं. फोटोज ॲपच्या पोटात घालायची गरज नाही.

अवांतर: पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५मध्ये आमच्या शेजारच्या राज्यात, रॉचेस्टरला बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. पाहायचा तर ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीवर. म्हणजे ‘कॅमेऱ्यातून फोटो बाहेर कसा काढायचा’ ही कटकट कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे.

गवतीचहा | १६ जून, सकाळी ८:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका, सरळ केबल लावली तर काही कॅमेरे पेन ड्राइव्हसारखे दिसतात आणि काही नुसता कॅमेऱ्याचा आयकॉन दाखवतात, असं का? माझा दुसऱ्या जातीचा आहे.

अडकित्ता | १६ जून, सकाळी ८:५०

भाषा दोन आहेत. पहिल्या जातीचे कॉम्प्युटरला सांगतात, मी डिस्क आहे, घे. दुसऱ्या जातीचे पीटीपी बोलतात: डिस्क माझी, तू फोटो माग, मी देतो. कॉपी करायला दोन्ही चालतात. पण पुसलेले फोटो परत मिळवायची वेळ आली तर पीटीपीतून काही होत नाही, कारण सॉफ्टवेअरला डिस्क दिसतच नाही. तिथे कार्ड काढून रीडरच लागतो. केबलवर कॉपी करणार असाल तर सेल ताजे घाला, अर्ध्यात कॅमेरा झोपला की अर्धीमुर्धी फाइल उरते.

आणि फोन चार्ज करायच्या स्वस्त केबलींत पुष्कळदा डेटाच्या दोन तारा नसतातच. कॅमेरा ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी केबल बदलून पाहावी.

रानजाई | १६ जून, रात्री ८:३३

रीडर आणला. फोटो आले!! ८६३ फाइली, दोन्हीकडे आकडा जुळला, पहिला-मधला-शेवटचा पाहिला, बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रतही झाली. टेबलफॅन, तुमच्या मित्रांची शपथ.

पण पाडव्याचे फोटो नाहीत. मार्च २०११च्या सुरुवातीला आतेबहिणीचं लग्न आहे, शेवटचा फोटो पंगतीतला, आणि त्यानंतर थेट मे महिना, आंबे. मध्ये काही नाही. २०१०च्या मार्चमध्येही पाडवा नाही. दादा म्हणतो तू स्वप्नात काढलेस. आई म्हणते तूच पुसले असशील. काय करू?

टेबलफॅन | १६ जून, रात्री ९:२०

पुसले असतील तरी आशा आहे. लगेच सांगतो: कार्ड लॉकच ठेवा, त्यावर नवं काहीही काढू नका.

फोटो पुसला म्हणजे कार्डावरून खरवडला जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडावी, पण पान तसंच राहावं, तसं असतं. त्या पानावर नवा मजकूर छापला गेला की मात्र संपलं. ‘फोटोरेक’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. ते अनुक्रमणिका बघतच नाही. कार्ड पहिल्यापासून वाचत जातं आणि जेपीजीची सुरुवातीची ठरलेली खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, घाबरू नका, बाणाने खालीवर आणि एंटर एवढंच आहे. दोन गोष्टी सांभाळा: सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही, लॅपटॉपवर साठवा; आणि फाइलींची जुनी नावं मिळणार नाहीत, भलतेच आकडे मिळतील. फोटोच्या पोटातली तारीख मात्र बहुधा शाबूत असते.

तुमची भीती वेगळी आहे. मे महिन्यानंतर त्याच कार्डावर शेकडो फोटो काढलेत. पाडव्याच्या पानांवर आंबे छापले गेले असतील.

रानजाई | १७ जून, सकाळी ११:४७

फोटोरेक चालवलं. तासभर लागला. नऊशेच्या वर फोटो बाहेर आले. आहेत तेच पुन्हा, शिवाय पन्नासेक पुसलेले: हललेले, अंगठ्याचे, बाबांनी चुकून काढलेले फरशीचे. पाडवा नाही.

निवृत्त_बाबू | १७ जून, दुपारी १२:३०

ताई, एक प्रश्न. त्या लग्नाच्या प्रिंट काढल्या होत्यात का? काढल्या असतील तर कार्ड स्टुडिओत किती दिवस होतं, ते आईंना विचारा.

रानजाई | १७ जून, दुपारी १:०२

आईला फोन केला. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: “हो की, पंधरा दिवस होतं. रोज सांगायचा उद्या या. पाडवा झाल्यावर दिलं मेल्यानं.”

बाबू, तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_बाबू | १७ जून, दुपारी १:२०

माझं असंच झालं होतं म्हणून. कार्ड नसलं तरी हे कॅमेरे फोटो काढतात. त्यांच्या पोटात थोडी स्वतःची जागा असते, वीसेक एमबीच्या आसपास. पाचसात फोटोंत भरते. आणि गंमत अशी की कार्ड परत घातलं की कॅमेरा आतल्या जागेकडे ढुंकून पाहत नाही, फक्त कार्डावरचे दाखवतो. फोटो आहेत हे घरातले विसरून जातात.

कार्ड काढून ठेवा, नवे सेल घाला, आणि फोटो पाहायचं बटण दाबा.

रानजाई | १७ जून, दुपारी ४:५५

आहेत.

सात आहेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘इन’ अशी खूण आणि आजी.

गवतीचहा | १७ जून, दुपारी ४:५८

अंगावर काटा आला.

नागपुरी_संत्रं | १७ जून, सायं. ५:१०

बाबूकाका, तुमचे पाय धरतो. ताई, फोटो बाहेर काढा आधी, रडा नंतर.

निवृत्त_बाबू | १७ जून, सायं. ५:२५

केबल नाही तर असं करा. कार्ड कॅमेऱ्यात घाला, फोटो पाहायच्या स्थितीत मेनू दाबा, खाली कॉपीचा पर्याय असेल. त्यात ‘कॅमेऱ्यातून कार्डावर’ निवडा. मग कार्ड रीडरमध्ये.

रानजाई | १७ जून, सायं. ५:४१

होत नाहीये. कार्डावर लिहिता येत नाही म्हणतोय. 😭

अडकित्ता | १७ जून, सायं. ५:४२

लॉक.

रानजाई | १७ जून, सायं. ५:४४

अरे देवा. हो.

अडकित्ता | १७ जून, सायं. ५:५०

दोन प्रती झाल्यात, आता बिनधास्त खिटी वर करा. नवं कार्ड आणायला धावू नका. दुकानात ६४ जीबीचं गळ्यात मारतील, ते एसडीएक्ससी, २००९च्या कॅमेऱ्याला झेपायचं नाही.

रानजाई | १७ जून, रात्री १०:१६

झालं. सातही लॅपटॉपवर, सातही डिस्कवर. घरच्या ग्रुपवर टाकले तर आत्याने पहिलं काय लिहिलं असेल? “फोटो पुसट का?”

गवतीचहा | १७ जून, रात्री १०:२४

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेत म्हणून. ते आपलं दाबून लहान करतं आणि तारीखबिरीखही काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

रानजाई | १८ जून, सकाळी ९:३०

पाठवले, आत्या खूश.

आता शेवटचं. लॅपटॉपने तारखेप्रमाणे फोल्डर लावले आणि हे सात २००९च्या जानेवारीत गेले. प्रॉपर्टीजमध्ये १ जानेवारी २००९, रात्री बारा वाजून काही मिनिटं. तेव्हा तर कॅमेरा घेतलाही नव्हता! दादा म्हणतो, बघ, कॅमेऱ्यालाच माहीत नाही, मग २०१०च असणार.

अडकित्ता | १८ जून, सकाळी ९:५२

कॅमेऱ्याचं घड्याळ मुख्य सेलवर तगतं. सेल काढून बरेच दिवस गेले की ते शून्यावर येतं आणि सुरू करताना तारीख विचारतं. आपल्याकडे तारीख विचारली की सगळे ओके ओके ओके दाबतात. लग्नानंतर सेल कुणी काढले होते?

रानजाई | १८ जून, सकाळी १०:२०

आई म्हणते, वर्ल्डकपच्या वेळी टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले, तेव्हा बाबांनी कॅमेऱ्याचे काढून घातले. पाडव्याला परत कॅमेऱ्यात. (तिला आजची भाजी आठवत नाही, पण हे आठवतं.)

टेबलफॅन | १८ जून, सकाळी १०:३१

वर्ल्डकप म्हणालात? फोटोत मागे काय काय दिसतंय ते मोठं करून बघा. पेपर, टीव्ही, कॅलेंडर, काहीही.

रानजाई | १८ जून, सकाळी ११:०८

पाचव्या फोटोत आजी कडुलिंबाची पानं निवडतेय. मांडीखाली पेपर पसरलाय. मोठं केलं तर पानांच्या खालून निळे शर्ट आणि सोनेरी चषकाचा अर्धा भाग दिसतो, आणि धोनीचं डोकं. कडुलिंबाची डहाळी बरोबर मथळ्यावर आहे, पण धोनी आहे!

फायनल २ एप्रिल २०११, शनिवार. पाडवा ४ एप्रिल, सोमवार. पेपर रविवारचा. दादाला फोटो पाठवलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. शिवाय सातपैकी एकाही फोटोत तो नाही, कारण २०११च्या पाडव्याला तो बंगळूरला होता.

नागपुरी_संत्रं | १८ जून, सकाळी ११:१५

केस क्लोज्ड! दादांना आमच्याकडून गाठी द्या.

अडकित्ता | १८ जून, सकाळी ११:४०

आता तारीखही सुधारून टाका. ‘एक्झिफटूल’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळ्या फोटोंच्या वेळा एकाच फरकाने पुढे ढकलता येतात, म्हणजे आपसातलं अंतर टिकतं. प्रतीवर करा, मूळ फाइलींवर नको. १ जानेवारी २००९ ते ४ एप्रिल २०११ म्हणजे ८२३ दिवस. तास-मिनिटांसाठी एखाद्या फोटोत घड्याळ दिसतंय का?

रानजाई | १८ जून, दुपारी १२:०५

तिसऱ्यात आहे! आजी गुढीला गाठी बांधतेय, मागे भिंतीवर घड्याळ, आठ वाजून पन्नास मिनिटं. फोटोची नोंद ००:१९. म्हणजे ८२३ दिवस, ८ तास, ३१ मिनिटं. बरोबर ना?

अडकित्ता | १८ जून, दुपारी १२:०९

बरोबर. ढकला.

रानजाई | १८ जून, दुपारी १२:३४

थांबा. आईला फोटो दाखवला. म्हणाली, ते घड्याळ बाबा मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायचे, एसटी चुकू नये म्हणून.

८ तास २१ मिनिटं.